चतुर्थीनंतरचा सडा

गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटोळीत जयरामइतकी रानफुलं गावात कोणी बांधत नसे. चतुर्थीआधी तो पहाटेच गावावरचं खडकाळ पठार, कातळसडा, गाठायचा आणि हरणां, कळलावी, जे फूल-बोंड दिसेल ते खुडायचा; दुसऱ्याच्या माटोळीला एक बोंड उरू द्यायचा नाही. गेल्या दिवाळीनंतर सड्यावर यंत्रं फिरली, डांबर पडलं. जयरामने शेवटच्या माटोळीतली सुकलेली बोंडं फडक्यात बांधून जपली, मिरगाला परसात पेरली आणि रोज वाकून पाहत राहिला. श्रावण लागला, तरी कोंब नाही. नातीने, सिद्धीने, फडक्यात उरलेलं बी नखाने फोडलं. पोचट निघालं. “आजो, ही बोंडं कच्चीच खुडलीस रे! बी दसऱ्यानंतर भरतं. तेव्हा सड्यावर जाऊन आणायचं होतंस.”  साठ वर्षांत चतुर्थी उलटल्यावर जयराम कधी सड्यावर चढलाच नव्हता. भरलेलं बी दिसतं कसं, तेही त्याला ठाऊक नव्हतं.