कॉफीबरोबर एकच

ओनेने बिस्किट उचललं आणि तितियाने डब्याचं झाकण लावलं. टक्.

"अगं, बहीण ना तू माझी?"

"म्हणून तर मोठं दिलं," तितिया म्हणाली.

तिचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या भागात पाहुण्याला कॉफीबरोबर एकच बिस्किट मिळतं. दुसरं मागणं म्हणजे यजमानाच्या पायातल्या चपला मागण्यासारखं.

"सीब्रेनने बोलावलंय तुला. लोण्याचा केक केलाय म्हणे."

सीब्रेन, ओनेचा बालमित्र, पुढच्या गावात राहायचा. ओने सायकलवर बसला. वारा समोरून. हल्ली तो कुठेही निघाला की वारा नेमका समोरूनच यायचा. वाऱ्याचं आपण काय घोडं मारलंय, हे ओनेला कळत नव्हतं.

वसंतात डॉक्टर म्हणाले होते, "पोट ठेवा नाहीतर हृदय. दोन्ही नाही जमायचं." मग बायकोने, हिस्केने, कोबीचं पाणी दिलं, उपास घडवले, नुसत्या अंड्यांवर ठेवलं. प्रत्येक पथ्य आठवडाभर टिकायचं आणि ओने कोठीत सापडायचा, मिशीला साखर लावून. हिस्के चिडली नाही. एवढंच म्हणाली, "मला एकटीला कॉफी प्यायची सवय लावू नकोस रे."

त्यानंतर तिने पथ्याचं नाव काढलं नाही. पोटभर भाज्या, बटाटे, मासे वाढायची. फक्त घरातला बिस्किटांचा डबा नाहीसा झाला.

म्हणून ओने बाहेर तोंड मारत होता. एका घरी एक बिस्किट, दुसऱ्यासाठी दुसरं गाव. सुदैवाने रोज कुणाचं तरी बोलावणं असायचंच. घरी सांगायचा, "जरा बंधाऱ्यावरच्या मेंढ्या बघून येतो."

"ये हो. माझाही नमस्कार सांग त्यांना," हिस्के म्हणायची.

आणि तरी वजन उतरत होतं. पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. हिस्के कोबीकडे कौतुकाने बघायची, तेव्हा ओनेला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आज सगळं कबूल करायचं, त्याने ठरवलं.

सीब्रेनकडे एक तुकडा मिळाला. टक्. त्यातला अर्धा ओनेने खिशात टाकला.

परतताना वारा पाठीला होता, पायही हलके झाले होते. तो नेहमीपेक्षा बराच लवकर घरी पोहोचला. हिस्के परसात वाळलेले कपडे काढत होती. कबुली देण्याआधी पुरावा नको, म्हणून ओनेने खिशातला केक तोंडात कोंबला.

तेवढ्यात फोन वाजला. त्याने उचलला.

"हं," तो कसाबसा म्हणाला.

"हिस्के, निघालाय गं तो. अर्ध्या वाटेत असेल," पलीकडे सीब्रेन होता. "एकच तुकडा दिला, झाकण लावलं. आणि उद्या वारा पूर्वेचा आहे बरं का, तेव्हा बोलावणं त्याच्या मावशीकडून जाऊ दे. ती पूर्वेलाच राहते."