फुकटचे बोळे

कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या कर्कश प्रेस मशीनवर उभी हयात घालवलेला मुकादम कानात बोळे घालणाऱ्यांची यथेच्छ टिंगल करायचा. "कान आहेत की फुलं? अरे, मशीन कुरकुरलं तर कळणार कसं?" कंपनीतून मिळणारे पिवळे बोळे तो पाकीट न फोडता घरी नेऊन ड्रॉवरमध्ये टाकायचा.

घरी मात्र त्याचं डोकं फिरायचं. एकतर टीव्हीचा आवाज बसलेला, कितीही वाढवा, नीट येतच नाही. त्यात हाका मारून घसा सुकला तरी कुणी ओ देत नाही.

आज त्याने चिडून बायकोचा खांदा हलवला. "बहिरे झालात का सगळे?"

तिने कानातला पिवळा बोळा काढला आणि त्याच्या कानाशी ओरडून म्हणाली, "उद्यापासून जास्त आणा. शेजारीही मागतात."