कॅरिअरची तार

रक्ततपासणीचं नवं यंत्र प्रयोगशाळेतल्या जुन्या युनिक्स कॉम्प्युटरशी बोलायलाच तयार नव्हतं. दुरुस्तीला आलेली सून दोन दिवस सीरियल पोर्टच्या ड्रायव्हर प्रोग्रॅममध्ये डोकं खुपसून बसली होती आणि बाहेर रिपोर्टसाठी रांग वाढत होती. तिचा विसरलेला चष्मा द्यायला सासरे आले. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला माणूस; उभ्याउभ्याच त्यांनी विचारलं, "अडलंय कुठे?"

"पोर्ट उघडतच नाही, बाबा. ड्रायव्हर कॅरिअर सिग्नलची वाट बघत बसतो."

"तो सिग्नल देतं कोण?"

"मोडेम. समोरचा लाइनवर आला की..." ती थबकली. "पण आता मोडेम आहेच कुठे? यंत्र थेट जोडलंय!"

"मग हा बिचारा जन्मभर वाटच बघणार," सासरे हसले. "कॉम्प्युटरची स्वतःची 'मी तयार आहे' म्हणणारी तार असेल ना? तीच वळवून त्याच्या कानाला लाव."

तिने प्लगमधल्या पिना दाखवल्या, त्यांनी सोल्डरचा डाग दिला. सत्तरीतही हात तसूभर हलला नाही. पडद्यावर पहिला रिपोर्ट उमटला, मग धडाधड बाकीचे.

प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हे कोण?"

"आमचे सीनियर," सून सहज म्हणून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामाला निघाली, तर सासरे गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, बूट चढवून दारात उभे.

"चल. आज कुठली लाइन बिघडलीय?"