पत्त्याएवढा चौकोन

"हाही नको," यादिरा म्हणाली आणि तिने पेन काउंटरवर ठेवलं.

फोर्तुनातोने दुकानदाराकडे ओशाळून पाहिलं. सकाळपासून बापलेक विल्सन रस्त्यावरच्या कॉम्प्युटर बाजारात या गाळ्यातून त्या गाळ्यात फिरत होते. पोरीला चित्रं काढायचा टॅब्लेट हवा होता, पण चित्रं काढायला नव्हे, खेळायला. गाण्याच्या तालावर पडद्यावर गोल उमटतात, ते विझायच्या आत पेनाने गाठायचे, असा तो खेळ. रविवारी लिमातल्या खेळाडूंची स्पर्धा होती.

"हा घे की." फोर्तुनातोने सगळ्यांत मोठ्या टॅब्लेटवर हात ठेवला. "चांगला ऐसपैस आहे."

दुकानदार पर्सी हसला. "काका, यावर कणीक मळायचीय का? या खेळाला पत्त्याएवढा चौकोन पुरतो. पोरं तेवढाच चालू ठेवतात, बाकीची पाटी बंद. एवढ्या मोठ्या पाटीवर खेळली तर हात गळून पडेल तिचा."

यादिराही हसली. फोर्तुनातोला हसू आलं नाही. त्याला घाई होती.

घरातली जुनी टॅब्लेटची पाटी नेलिदाची होती. नेलिदा त्याची बायको. शाळा सोडणाऱ्या वर्गाची मुलं एकसारखी जॅकेटं शिवून घेतात, त्यांच्या पाठीवरची नक्षी ती काढायची. ती पाटीवर काढायची, तो गामार्राच्या कापडबाजारातल्या भरतकामाच्या मशीनवर भरायचा. वर्षानुवर्षं पेन चालून पाटीवर बारीक रेघा पडल्या होत्या. पाटी खिडकीशी तिरकी धरली की त्या दिसायच्या. एखादा पंख, पाकळ्या, कुठल्याशा वर्गाचं नाव. गेल्या हिवाळ्यात नेलिदा गेली. पोरीने ती पाटी आपल्या खोलीत नेली आणि तिच्यावर खेळायला लागली.

तेव्हापासून भिंतीपलीकडून आवाज यायचा. खर्र, खर्र, टक. खर्र, टक. फोर्तुनातो हातातलं काम टाकून उठायचा, पाणी प्यायचा, परत बसायचा, परत उठायचा. प्रत्येक खर्रबरोबर नेलिदाची एक रेघ पुसली जातेय असं त्याला वाटायचं. किती उरल्यात ते बघायची त्याची छाती झाली नाही. पोरीला बोलायचीही झाली नाही. बोललं तर भांडण होणार, आणि घरात आता दोघंच. म्हणून नव्या टॅब्लेटचा विषय त्यानेच काढला होता. नवा आला की जुना कापडात गुंडाळून कपाटात ठेवायचा, असं त्याने ठरवलं होतं. काही उरलं असेल तेवढं तरी राहील.

"कुठलाही घे," तो म्हणाला. "पण आज घे. आणि लवकर घे. दुपार टळली की ताज्या माशांचं सेविचे मिळत नाही."

"काका, मासे कुठे पळून जाणारेत?" पर्सी म्हणाला. "मेलेलेच असतात."

"पपा, बूट घेताना तुम्ही किती वेळ लावता?"

"बूट पायात घालायचे असतात."

"आणि हे पेन हातात धरायचं असतं."

पर्सीने आणखी एक खोका फोडला. छोटा, काळा, पातळ टॅब्लेट. यादिराने पेन बोटांवर तोलून पाहिलं. पाटीवरून अंगठा फिरवला. "हं. हा बरा वाटतोय," ती म्हणाली.

फोर्तुनातोने लगेच खिशात हात घातला.

"थांबा पपा, खेळून तर बघू द्या!"

गाणं सुरू झालं. गोल उमटले. तिचं पेन पाटीच्या मध्यावर धावलं आणि पहिलाच गोल चुकला. मग दुसरा. मग सगळेच. फोर्तुनातो या पायावरून त्या पायावर होत राहिला. मागून कुणीतरी त्याला ढकलून पुढे गेलं, ते त्याला कळलंही नाही. हाही नको म्हणेल. घरी जाईल आणि पुन्हा त्याच पाटीवर बसेल.

"खरंच खेळतेस ना गं?" पर्सीने विचारलं. "की मैत्रिणीकडून नुसतं ऐकून आलीस?"

यादिराचे कान लाल झाले. "टॅब्लेट चांगला आहे. माझाच हात बसत नाहीये. मला मध्ये खेळायची सवय नाही."

"मग हे आधी सांगायचं ना, राणी! तुझा चौकोन कुठे असतो? तिथे लावून देतो."

तिने बापाकडे चोरून पाहिलं. मग उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात, अगदी कडेला, बोट टेकवलं.

पर्सी त्या बोटाकडे बघत राहिला. "तिथे? अगं, हात तर पाटीच्या बाहेर लोंबकळत असेल. मनगट दुखत नाही?"

"दुखतं."

"मग कशाला हा उपद्व्याप? बाकीची सगळी पाटी रिकामी पडलीय की."

"रिकामी नाही," यादिरा म्हणाली. "तिथे आई आहे."