पेठ रोडवरचं जांभूळ

झाड पडलं तेव्हा गाडीत कोणी नव्हतं. धनराज समोरच्या भिकाच्या दुकानात पाण्याच्या मोटारीचा वायसर घेत होता. वाऱ्याचा झोत आला आणि मागे कडाड आवाज झाला. वळून बघतो, तर त्याच्या पांढऱ्या मारुतीचं छप्पर सीटला टेकलं होतं आणि पुढच्या काचेतून जांभळाची फांदी आत गेली होती.

"कोणी दबलं का?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

"नाय, गाडीच दबली," दुसरा म्हणाला, आणि चारजण हसले.

धनराज हसला नाही. तो ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होता. गाडी घेऊन सहा महिने झाले होते, तीही सोसायटीचं कर्ज काढून. तो ओरडला, "हे झाड कोणाचंय?"

एरवी या प्रश्नाला एकदम दोन उत्तरं आली असती. झाडाच्या डाव्या अंगाला गेणूशेठचं सिमेंटचं दुकान, उजव्या अंगाला दत्तूअण्णांची पिठाची गिरणी. मधे आठ फुटांची पट्टी आणि पट्टीत हे जांभूळ. पट्टी आपलीच म्हणून दोघं अकरा वर्षं कोर्टात भांडत होते. जांभळं पिकली की दोघांकडची माणसं टोपल्या घेऊन धावत. आज मात्र दोघं आपापल्या पायरीवर उभे राहून आभाळाकडे बघत होते.

त्या पट्टीत लंकाबाई बसायची. पेठच्या डोंगरातून नवऱ्याबरोबर मजुरीला आली होती. नवरा वारला, ती राहिली. नागलीचे पापड, शेवग्याच्या शेंगा, पावसाळ्यात रानभाज्या, एवढ्यावर तिचं घर चाललं होतं. गेणूशेठला वाटायचं, हिला दत्तूने कब्जा दाखवायला बसवलंय. दत्तूअण्णांना वाटायचं, हे गेणूचं माणूस. ती कोणाचीच नव्हती. परवा दोघांनीही तिला वेगवेगळं बजावलं होतं. सोमवारी जागा सोड, नाहीतर टोपली रस्त्यावर जाईल. तिने पेठ नाक्यावर जागा बघितली, तर तिथल्या भाजीवाल्या बायकांनी तिला बसूच दिलं नाही. आज शनिवार होता. झाड पडलं तेव्हा ती नळावर घागर भरत होती, म्हणून वाचली.

धनराजने एसटीडी बूथवरून फोन लावला. अर्ध्या तासात विम्याचा एजंट महेश स्कूटरवर आला. पाठोपाठ चौकीतला हवालदार आला. महेशने गाडीला चक्कर मारली आणि म्हणाला, "फांदी हलवू नका. आधी पंचनामा. झाड कोणाचं तेही त्यात येऊ द्या."

"ते कशाला?" गेणूशेठने पायरीवरूनच विचारलं.

"खोड बघा की, शेठ. आतून डब्यासारखं रिकामंय. असं झाड मालकाने जाणूनबुजून ठेवलं असेल, तर कंपनी गाडीचे पैसे देईल आणि मग मालकाकडून वसूल करील."

"म्या तर उन्हाळ्यातच सांगितलं व्हतं," लंकाबाई गर्दीतून म्हणाली. "दोघांस्नीबी. खोडातनं मुंग्या निघत्यात म्हणून. दोघं म्हणले, माझ्या झाडाला हात लावायचा नाय."

"तू गप गं!" दोन्ही पायऱ्यांवरून एकदम आवाज आला. अकरा वर्षांत ते पहिल्यांदाच एका सुरात बोलले.

हवालदाराने गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवला. "बोला, शेठ. झाड तुमचं?"

"माझं? छे! दत्तूअण्णांचं असेल. जांभळं तेच खातात."

"मी?" दत्तूअण्णा पायरी उतरून आले. "अहो, जांभळाने माझा घसा धरतो! त्याच्या घरच्यांना विचारा, जांभळाच्या टोपल्या दरसाल कुठे जातात ते."

"तुम्ही आधी ठरवा," हवालदार म्हणाला. "झाड काय हवेत उगवलं? जमीन ज्याची, झाड त्याचं. जमीन कोणाची ते सांगा, म्हणजे मिटलं."

दत्तूअण्णांनी एकदा चेपलेल्या गाडीकडे पाहिलं. "जमीनही माझी नाही," ते म्हणाले.

गेणूशेठ घाईने खाली उतरले. "मग माझी तरी कशाला असेल? माझी हद्द त्या भिंतीशी संपते."

"आणि माझी या गटाराशी."

"कोर्टात तर निराळंच म्हणता तुम्ही," भिका म्हणाला.

"कोर्टातलं कोर्टात!" गेणूशेठ खेकसले. "हवालदार, तुम्ही लिहा. झाड आणि त्याखालची जागा माझी नाही. ठळक लिहा."

"माझंही तसंच लिहा," दत्तूअण्णा म्हणाले. "त्याच्यापेक्षा ठळक."

हवालदाराने लिहिलं, दोघांनी सह्या ठोकल्या. धनराज काकुळतीला आला. "अहो महेशभाऊ, मालकच नाही म्हटल्यावर माझं काय?"

"तुमचं झालं काम. विमा पूर्ण घेतलाय ना, नुसता थर्ड पार्टी नाही. वाऱ्याने झाड पडलं, गाडी मोडली. कंपनी देईल. आता काय मागे लागायचं ते वाऱ्याच्या मागे लागेल."

धनराज तासाभरात पहिल्यांदा नीट श्वास घेऊ शकला. पंचांमध्ये पहिली सही भिकाने केली. दुसरा पंच मिळेना. "झाड पडताना पाहिलं कोणी?" हवालदाराने विचारलं.

"म्या पाह्यलं, नळावरनं," लंकाबाई पुढे झाली. हवालदाराने शाईचा डबा उघडला, तर ती म्हणाली, "पेन द्या. सही येती मला. रात्रीच्या वर्गाला गेले व्हते."

तिने सही करण्याआधी कागद हातात घेतला. बोट फिरवत, एकेक अक्षर जुळवत वाचत राहिली. हवालदाराने दोनदा घड्याळ पाहिलं. शेवटच्या ओळीवर ती थांबली, ती ओळ पुन्हा वाचली, मग सावकाश सही केली. कागद मात्र तिने लगेच परत दिला नाही.

"सायेब," ती म्हणाली, "याची एक झेरॉक्स मलाबी द्या. सोमवारी हे दोघं मला उठवायला येणार हायेत. त्यांस्नी वाचून दाखवीन."