मूळ हाताची पडताळणी

“मी मीच आहे, हे आता या डबड्याला पटवून द्यायचं!” भाऊंनी माऊस आपटला. पायऱ्या दिसत असतील ते चौकोन निवडा, असे संगणक सांगत होता आणि भाऊंचे उत्तर पुन्हा चुकले होते. “जिन्याचा कठडा पायरीत धरायचा की नाही?”

“पाय ठेवता येत असेल तर धर,” स्वयंपाकघरातून अक्का म्हणाली.

अक्का त्यांची थोरली बहीण. दोघांनीही लग्न केले नव्हते आणि दोघे आईवडिलांच्या घरातच राहत. शाईच्या चित्रांसाठी भाऊंचे नाव झाले होते. प्रदर्शनात भाषण करणे, वर्तमानपत्रांना मुलाखती देणे, चित्रे एका संकेतस्थळावरच्या खात्यात चढवणे हे भाऊ पाहत. टाक धुणे, शाई गाळणे, कागद ताणून बसवणे अक्काकडे असे.

अलीकडे तिथल्याच एका निनावी खात्यावर तशीच चित्रे दिसू लागली होती. आडव्यातिडव्या रेघांची तीच जाळी, उजेडासाठी कोरा राखलेला तोच कागद. फरक इतकाच, की ही चित्रे डिजिटल होती. भाऊंनी नकलेची तक्रार केली. त्या खात्याने उलट भाऊंविरुद्ध तीच तक्रार केली. संकेतस्थळाने दोन्हीकडची पडताळणी ठरवली. खोटा ठरेल त्याचे खाते कायमचे बंद होणार होते, आणि तसा शेरा सर्वांना दिसणार होता.

“चोराच्या उलट्या बोंबा!” भाऊ धुमसत म्हणाले. “आयुष्यभराच्या नावाला काळं फासायला निघालाय.”

“चित्रं बरी आहेत का पण?”

“तेच तर दुखणं आहे! आपणही डिजिटल करू म्हणून मी टॅब्लेट आणला, तर तू त्यावर शिवणाचे नमुने बघत बसतेस.”

“तू तर त्याला बोटही लावलं नाहीस.”

“मला सवड कुठे आहे? आज सकाळी टेबलाचा दिवा आणायला मीच गेलो ना बाजारात? तू आपली घरात निवांत.”

“निवांत,” अक्का म्हणाली आणि तिने नळ सोडला.

अखेर पायऱ्या जुळल्या. पडद्यावर संकेतस्थळाची एक तरुण अधिकारी आली.

“नमस्कार सर. तुमच्याकडे जुनी चित्रं असतील, पण ती पुरावा म्हणून चालणार नाहीत. कॅमेरा टेबलावर वळवा आणि माझ्यासमोर एक चित्र काढा. साधं चालेल. तुमच्या पद्धतीच्या रेघा दिसल्या की झालं.”

“म्हणजे माझ्या शब्दाला काही किंमतच नाही?”

“शब्द दोन्ही बाजूंनी आलेत, सर.”

भाऊंचे कान लाल झाले. “त्या दुसऱ्या खात्याची परीक्षा घेतलीत का? की सगळा जाच मलाच?”

“घेतली. निकाल मात्र दोघांना एकदमच कळवू.”

“टॅब्लेटवर काय, कुणीही गिरवून दाखवेल.”

“कागदावरच काढायला लावलं, सर. टाकानं.”

 भाऊंनी घसा खाकरला. “चित्र काढताना चेहरा दिसायला हवा का?”

“तशी सक्ती नाही. हात आणि कागद दिसला की पुरे.”

“मग हरकत नाही.” त्यांच्या आवाजात एकदम जोर आला. कॅमेरा खाली वळवून त्यांनी नव्या दिव्याचा उजेड कागदावर पाडला. “जरा थांबा. शाई घेऊन येतो.”

ते स्वयंपाकघराच्या दारात आले. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी आवाज खाली आणला.

“अक्का, चल, बस लवकर. नेहमीसारखं काढ काहीतरी. नुसता हात दिसणार आहे, चेहरा नाही.”

अक्काने नळ बंद केला आणि ओले हात फडक्याला पुसले.

“माझा हात त्यांनी सकाळीच पाहिला, भाऊ,” ती म्हणाली. “चेहऱ्यासकट.”