कडेची खुर्ची

माझ्या मूत्राशयाचं दुखणं बारा वर्षं जुनं. शहरातल्या एकूण एक स्वच्छतागृहाच्या कड्या मला ओळखतात. लेकीच्या व्हायोलिनच्या कार्यक्रमात माझी जागा ठरलेली: दाराशेजारची, कडेची. दर वीस मिनिटांनी वाकून बाहेर पळणारा तो मीच. तिचं वादन मी कधीच सलग ऐकलं नव्हतं.

शेवटी चिनी औषधं देणाऱ्या डॉक्टरीणबाई गाठल्या. त्यांनी जीभ पाहिली, तीन बोटांनी नाडी पाहिली, घोट्यापाशी सुया टोचल्या आणि कसल्याशा मुळ्या नि साली रोज उकळून प्यायला सांगितल्या.

"आज कोणाचा बूट शिजतोय?" बायको रोज स्वयंपाकघराच्या दारातून विचारायची.

आठ महिने मी नाक दाबून बूट प्यायलो.

आणि काल पाचव्या रांगेत, ऐन मधोमध बसलो. दोन तास! टाळ्या तर अशा घेतल्या, जणू व्हायोलिन मीच वाजवलं होतं.

कार्यक्रम संपल्यावर छाती फुगवून लेकीसमोर उभा राहिलो. तिचे डोळे लाल झाले होते.

"बाबा? तू आला होतास?"

"म्हणजे काय! पहिल्यापासून शेवटपर्यंत आतच होतो. एकदाही उठलो नाही!"

तिने मनगटाने डोळे पुसले.



"अरे, स्टेजवरून अंधारात कोणीच दिसत नाही. ते कडेचं दार उघडून उजेड आत आला, की मला कळायचं, बाबा आलाय."